चार बोटं परदेश

परराष्ट्र राजकारणाकडे तुम्ही कसे वळलात, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. सत्काराला विचारतात, रेडिओवर विचारतात, परवा संशोधन करणाऱ्या एका मुलीनं टेप लावून विचारलं. मी ठेवणीतलं उत्तर देतो. वाचनाची आवड, चांगले शिक्षक, जागतिक घडामोडींचं कुतूहल वगैरे. ऐकणाऱ्याला ते बरं वाटतं आणि चहा येतो. खरं उत्तर असं आहे की मी भीतीनं वळलो. मी जन्माचाच भित्रा. चाळीस वर्षं मोठमोठ्या राष्ट्रांच्या डावपेचांवर अग्रलेख लिहिले, लहान देशांवर पुस्तकं लिहिली, पण दारावर अनोळखी थाप पडली की अजून मी आधी मागचं दार उघडं आहे का ते बघतो. ही सवय परभणीची आहे.

आमचं झरीला कापडाचं दुकान. आम्ही लिंगायत. वडिलांची इच्छा मी गादीवर बसावं ही. पण निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर उर्दू हवं, म्हणून त्यांनीच मला उर्दू शाळेत घातलं आणि पुढे हैदराबादला पाठवलं. बी.ए. होऊन परत आलो तेव्हा नोकरी काही मिळाली नाही. मिळालं ते परभणीतल्या एका उर्दू साप्ताहिकातलं उपसंपादकाचं स्टूल. खुर्ची मालकांची. मालक म्हणजे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, अत्तराचे आणि व्याकरणाचे शौकीन. माझ्या उर्दूतली चूक दिसली की त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं.

छपाई दगडावरची होती. मजकूर लिहिणारा कातिब मांडी घालून बसे, पिवळ्या कागदावर खास शाईनं सुंदर अक्षरात सगळा अंक लिही, आणि तो कागद दगडावर दाबून त्याचे ठसे काढत. एकदा दगडावर उतरलं की उतरलं. म्हणून कातिबाच्या हाती देण्याआधी सगळा मजकूर सरकारी अंमलदाराला दाखवावा लागे. तो लाल पेन्सिल घेऊन बसायचा. कुठे दरोडा, कुठे मारहाण, कुठे निजामाची बाजू घेणाऱ्या वर्दीवाल्यांनी गाव लुटलं, अशी कुठलीही बातमी दिसली की तिच्यावर आडवी रेघ. यात एक मेख होती. खोडलेल्या बातमीची जागा कोरी सोडायची नाही, असा हुकूम होता. कोरी जागा दिसली की लोकांना कळतं, इथं काहीतरी होतं.

मग ती जागा भरायची कशानं? सरकारला ज्याचं सोयरसुतक नाही अशा मजकुरानं. म्हणजे परदेशानं. शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे परवान्याचा रेडिओ होता. त्याच्या ओट्यावर बसून मी लंडनच्या बातम्या टिपून घ्यायचो आणि जेवढी जागा रिकामी झाली असेल तेवढा परदेश लिहून द्यायचो. माझ्या विद्वत्तेची सुरुवात अशी भगदाडं बुजवण्यात झाली.

लोक आपल्याला वाटतात तितके भोळे नसतात. वर्षभरात वाचकांच्या ध्यानात आलं, की परदेश कमी असतो तो आठवडा बरा जातो, आणि परदेश लांबला की कुठूनतरी जळक्या घरांची माणसं येतात. झालं! गावोगाव लोक परदेश बोटांनी मोजू लागले. उर्दू वाचता येत नाही त्यालाही बोटं लावता येत होती. चार बोटं म्हणजे सगळं ठीक. वीतभर म्हणजे दागिने पुरा. दीड वीत म्हणजे बैल सोडू नका, जुंपूनच ठेवा. बाजारात शेतकरी एकमेकांना विचारायचे, "ह्या आठवड्याला परदेश केवढा हाय?" मी जीव ओतून ग्रीसच्या यादवीवर लिहायचो आणि कुणी एक अक्षर न वाचता त्यावर हात ठेवून उठून जायचे. लेखकाचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही.

माझी धाकटी बहीण पिंगळीच्या पलीकडल्या एका गावात दिली होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत. तिचे सासरे गावचे पाटील, गावात उर्दू वाचणारे एकटेच. दर आठवड्याला पिंगळी स्टेशनावरून अंक मागवून चावडीवर वाचून दाखवायचे आणि वाचायच्या आधी सगळ्यांदेखत बोटं लावायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. उंच, सडपातळ, गळ्यात लिंगाची चांदीची चौकी, आणि जिभेला धार. मला ते 'भागूबाई' म्हणत, तोंडावर.

पण मामांच्या मोजण्याला एक कारण होतं. आदल्या वर्षी कुणीतरी अफवा आणली, वर्दीवाले येतायत. सगळं गाव भर पावसात गाड्या जुंपून पळालं. काळ्या मातीचा चिखल, चाकं आसापर्यंत रुतलेली. कुणीच आलं नाही. गाव तसंच्या तसं होतं. मात्र वाटेत माझ्या बहिणीचं पहिलं पोर तापानं गेलं, गाडीतच. त्यानंतर मामांनी ठरवलं की माणसाच्या तोंडच्या बातमीवर गाव हलवायचं नाही. जे काय ते बोटांवर.

आता निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या पावसाळ्यातली गोष्ट. श्रावण होता, बरेच दिवस उघाडीप होती. मी अंकाचा मजकूर घेऊन अंमलदाराकडे गेलो. त्यात आमच्या बातमीदाराची एक बातमी होती: पिंगळीच्या रस्त्यावरची दोन गावं जाळली, आणि टोळी आता पुढे सरकते आहे. पुढे म्हणजे कुठे, हे मला नकाशा न बघता कळत होतं. अंमलदारानं बातमीवर शांतपणे रेघ मारली. मग पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "आइंदा परदेश चार बोटांच्या वर नको. उरलेल्या जागेत औषधांच्या जाहिराती टाका. लोग नापते हैं."

लोक बोटं लावतात हे सरकारला कळलं होतं. कचेरीत येऊन मी मालकांना सांगितलं. त्यांनी अत्तराची कुपी बंद करून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अंक तर असाच जाईल, बेटा. तू मात्र बहिणीला भेटून ये." भेटून ये म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बहीण पुन्हा बाळंत होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

पहिली गाडी सकाळची, तिनं निघालो. डब्यात वर्दीवाले असतील म्हणून मी शौचकूपाला लागून असलेल्या बाकावर तोंड फिरवून बसलो. ज्या गाडीत मी त्याच गाडीत रात्रीतून छापलेल्या आमच्या अंकाचा गठ्ठा. पिंगळीला उतरून पायी निघालो तर मामांचा गडी माझ्यापुढे, अंक काखोटीला मारून, माझ्याहून झपझप चालत. माझाच मजकूर माझ्याआधी पोचला.

घरात शिरलो तर मामा ओसरीवर बसून अंकाला बोटं लावत होते. "शरणार्थ पाव्हणं," ते म्हणाले, "चार बोटं. झ्याक चाललंय म्हणायचं."

मी त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. दोन गावं, टोळी, रेघ, अंमलदाराचा हुकूम. सांगताना माझा आवाज कापत होता आणि त्यानंच घात केला.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मामा म्हणाले. "तुमी रातच्याला मांजराला भेता. तुमच्यावर भरवसा ठेवून मी ओली बाळंतीण गाडीत घालू? मागच्या बारीला घातलं तवा काय झालं, ठाव हाय न्हवं?"

"मामा, हा परदेश मीच लिहितो. मी सांगतोय ना, तो खोटा आहे म्हणून!"

"लिहिणारे लय असत्यात. आमी मोजणारे हाव."

बहीण आतल्या खोलीत बाजेवर होती. शेकाचा धूर भरलेला, बाळाचा लाल मुठीएवढा चेहरा. तिनं एवढंच विचारलं, "अण्णा, न्याया आलास का?" मी हो म्हणालो. "मामंजींला विचारलंस?" ते नाही म्हणतात, असं मी सांगितलं. तिचा नवरा दारात उभा होता, पण बापाच्या शब्दापुढे जाणारा तो नव्हता. आमच्यात सोयर पाळत नाहीत, बाळंतिणीला बाहेर काढायला शास्त्राची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती त्या मेलेल्या पोराची. तिच्या डोळ्यांत मला ते पोर दिसलं आणि मी तिथून उठलो.

गावातल्या दुसऱ्या कुणाला सांगावं म्हणून बाहेर पडलो, तर वेशीतून दोन वर्दीवाले येत होते. गावाला त्यांचं नवल नव्हतं. दोघं-तिघं अधूनमधून यायचे, चहा प्यायचे, कोंबडी उचलायचे, जायचे. मला मात्र माहीत होतं की हे आज कोंबडीसाठी आलेले नाहीत, मागून टोळी येईपर्यंत गाव एका जागी धरून ठेवायला आलेत. एक चाळिशीचा, दाढीवाला, बंदूक मांडीवर घेऊन चावडीच्या पायरीवर बसला. दुसरा अगदी तरुण, पूर्णेचा, बाप रेल्वेत होता त्याचा. दाढीवाल्यानं हुकूम सोडला, "आज अखबार का दिन है ना? बुलाओ सब लोगां को. हमना भी सुनाओ."

दुपार कलत होती. लोक जमले. मामांनी सवयीनं बोटं लावली, सगळ्यांनी पाहिलं, खांदे सैल पडले. चार बोटांतलं वाचायला कितीसा वेळ लागतो? मामांनी वाचलं, मराठीत सांगितलं, घडी घातली. लोक धोतरं झटकत उठू लागले.

मी तोंड उघडलं ते धैर्यानं नाही. गप्प बसायची भीती बोलायच्या भीतीहून मोठी झाली, एवढंच. मी म्हणालो, "थांबा, अजून राहिलंय. छापायला जागा नव्हती. मी तोंडी सांगतो."

दाढीवाल्यानं मान वर केली. "तुम कौन?"

"अखबार में काम करता हूँ, साहब. परदेश मैं ही लिखता हूँ."

"बोलो," तो म्हणाला. बंदूक तशीच मांडीवर.

मी ग्रीसपासून सुरुवात केली. डोंगरातली लढाई, जळलेली खेडी, मेंढरं घेऊन खाली उतरणारी माणसं. लोक उभ्याउभ्या ऐकत होते, कंटाळलेले. ग्रीस संपवून मी ब्रह्मदेशात गेलो. तिथून पॅलेस्टाइनला. घसा कोरडा पडला होता, पाणी मागायची सोय नव्हती. थांबलो तर संपलं, एवढंच मला कळत होतं. मी मामांकडे पाहत होतो आणि मामा माझ्याकडे पाहत नव्हते. ते घडी घातलेल्या अंकाकडे पाहत होते. मग त्यांनी तो अंक मांडीवर पुन्हा उलगडला. चार बोटं ठेवली. मी बोलतच होतो. त्यांनी खाली आणखी चार ठेवली. मग आणखी चार, आणि तसंच पुढे, औषधांच्या जाहिरातींवरून. हात पानाच्या तळाशी पोचला तेव्हा दीड वीत भरली होती. सगळं गाव तो हात बघत होतं.

"बैल तहानला आसंल," कुणीतरी पुटपुटलं आणि उठलं. मग आणखी एक उठला, मग दोघं. दाढीवाल्याच्या लक्षात आलं. "कायकू उठ रै तुम लोगां?"

तेव्हा मामा बोलले. आवाजात घाबरल्याची खूण नाही. "अडाणी हायत साहेब, गुरांमागं जायलेत. आपन ऐकू. हां पाव्हणं, मग त्या जर्मनांच्या शहराचं काय झालं म्हणलात?"

मी जर्मनीचं नावही काढलेलं नव्हतं. मामांनी मला दार उघडून दिलं होतं. मी बर्लिनमध्ये शिरलो. चारी बाजूंनी कोंडलेलं शहर, वाटा बंद, आणि विमानांनी येणारं पीठ अन् कोळसा. तरुण वर्दीवाल्याचे डोळे चमकले. "हमारे यहाँ भी आते हवाई जहाज!" तो म्हणाला आणि सरकून जवळ आला; हैदराबादला तेव्हा चोरून बंदुका घेऊन विमानं उतरत. मी काडी घेऊन मातीत नकाशा काढला. इथं नदी, इथं शहर, इथं रशियाची फौज. दाढीवालाही पायरी उतरून बघायला वाकला. मागच्या अंगानं नाल्याची वाट होती. बैलांच्या घुंगरमाळा काढलेल्या असणार, कारण मला चाकांची नुसती करकर ऐकू आली, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून मी मोठ्यानं बोलू लागलो. भीतीनं मला घाम फुटला होता आणि नकाशावर टपकत होता.

मग मला कळलं की मला येतं ते संपत आलंय. त्या वयात माझ्याजवळ होतं काय? रेडिओवर ऐकलेलं आणि जुन्या अंकांतलं. मामा एकेक प्रश्न विचारत होते आणि माझी उत्तरं आखूड होत चालली होती. त्यांनीही ते ओळखलं असावं. ते एकदम म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या बहिणीच्या पोटात दुखायलंय म्हणत हुते. जाऊन बघा जरा. साहेबांना फुडचं मी सांगतो. इतकी सालं वाचायलोय, मला बी येतंय की थोडं."

मी उठलो. दाढीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. मामांनी काडी हातात घेतली होती आणि नकाशात कुठेतरी टेकवली होती, चुकीच्या जागी. "हे तुर्कस्तान," ते म्हणाले. चावडीवर तेव्हा दोन वर्दीवाले, मामा आणि पाय अधू असलेला एक म्हातारा कुंभार, एवढेच उरले होते. सगळेच उठले असते तर त्या दोघांना उठायला क्षणही लागला नसता. मामा का बसलेत हे मला समजलं होतं. समजूनही मी गेलो.

गाडी नाल्यात उभी होती, शेवटची. बहीण गोधडीत, बाळ तिच्या छातीशी. नवऱ्यानं कासरा ओढला. नाला चढून गेल्यावर तिनं विचारलं, "मामंजी?"

"मागनं यायलेत," मी म्हणालो. माझ्याही तोंडी गावाची बोली आली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि बाळावर पदर ओढला. आम्ही शेताशेतांनी पूर्णेला पोचलो, तिथून हिंगोलीची गाडी धरली आणि पुढे बैलगाडीनं वऱ्हाडात उतरलो. वाटेत प्रत्येक वळणावर तिचा नवरा मागे वळून बघत होता. बाळ जगलं.

राज्य बदलल्यावर परत गेलो. वेशीची कमान काळी पडली होती. घरं जळली होती, पण माणसं नव्हती त्यात. अधू कुंभाराला त्यांनी सोडून दिलं होतं, त्यानं सांगितलं. मामा सांगत राहिले. तुर्कस्तान, मिसर, जपान, जे जे वर्षानुवर्षं वाचलं होतं ते सगळं. तो पूर्णेचा पोरगा ऐकत होता, हसतही होता. मग मामांचं संपलं. मग त्यांनी बर्लिन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दाढीवाला म्हणाला, "ये तो हो गया, पाटील." आणि त्यानं प्रथमच मान वळवून गावाकडे पाहिलं. एकाही घरातून चुलीचा धूर येत नव्हता. मामांना त्यांनी तिथंच चावडीवर मारलं.

त्यानंतर मी पुण्याला आलो, पुढे मुंबईला गेलो, आणि हाताला लागेल ते वाचत सुटलो. तह, करार, सरहद्दी, लहान देशांचे इतिहास, ज्यांची नावं इथं कुणी घेत नाही असे देश. लोकांना ती विद्वत्ता वाटली. वर्तमानपत्रात परराष्ट्र विभाग माझ्याकडे आला, पुस्तकं झाली. व्याख्यानाला उभा राहिलो की अजून मला समोरच्या गर्दीतून कुणी उठलं तर बरं वाटतं, आणि आपल्याजवळचं संपेल या धास्तीनं मी ठरलेल्या वेळेच्या पुढे बोलत राहतो. आयोजक चिठ्ठ्या पाठवतात. मी त्या वाचत नाही.

बहीण माझं काहीच वाचत नसे. ती विषयच काढत नसे. अगदी अलीकडे, ती आजारी असताना मी तिच्या उशाशी बसलो होतो. माझं नवं पुस्तक कुणीतरी तिथं ठेवलं होतं, जाडजूड. तिनं त्यावर हात ठेवला, बोटं नाही लावली, नुसता हात.

"अण्णा," ती म्हणाली, "आता येतंय एवढं तवा येत आसतं, तर पुरलं आसतं का रे मामंजींला?"

गाड्या नाल्यापलीकडे जाईपर्यंत आम्हा दोघांना येत होतं ते पुरलं होतं. त्यांच्यापुरतं पुरलं नाही.